जुळ्या बहिणी, एकच विषाणू आणि सात वर्षांनंतरची फुप्फुसं

धाकटीचा दमा आटोक्यात येत नाही म्हणून सातव्या वर्षी तिला माझ्याकडे पाठवण्यात आलं. थोरली फक्त सोबत आली होती, कारण त्या दिवशी घरी तिच्याजवळ थांबायला कुणी नव्हतं. माझ्या दृष्टीने हे प्रकरण थोरलीचं जास्त आहे.

दोघी एकाच वारेवर वाढलेल्या, म्हणजे एकसारख्या जुळ्या. ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत, वैद्यकीय गोष्टी मात्र आहेत तशा ठेवल्या आहेत.

जन्म 34व्या आठवड्यात. थोरलीचं वजन 2.1 किलो, धाकटीचं 1.7. दोघींनाही व्हेंटिलेटर लागला नाही. धाकटीला सुरुवातीला थोडा ऑक्सिजन लागला, तेवढंच. आईला लहानपणी दमा होता आणि हाताच्या घडीत अजूनही इसब उठतो. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत नाही.

मुली दहा आठवड्यांच्या असताना वडिलांना सर्दी झाली. मग थोरली शिंकायला लागली आणि तिच्यामागोमाग धाकटी. थोरलीचं नाक वाहिलं, जरा खोकली, दूध नेहमीसारखं पीत राहिली. धाकटीचं तिसऱ्या दिवशी पोट उडायला लागलं आणि तिला दाखल करावं लागलं. त्या वेळचे कागद मी नंतर मागवून घेतले. दाखल करताना श्वास मिनिटाला 68, रक्तातला ऑक्सिजन 87 टक्के, नाकपुड्या फुललेल्या, प्रत्येक श्वासासरशी मान हलते आहे अशी नोंद आहे. रात्रपाळीच्या सिस्टरने दुधाच्या तक्त्यावर लिहिलंय: ‘15 मिली घेतलं, थांबली. परत दिलं, 5 मिली. दमली.’ ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे लहान श्वासनलिकांना विषाणूने आलेली सूज, झालेल्या बाळाचं याहून नेमकं वर्णन मी कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही. अशा बाळाला भूक असते, पण चोखणं आणि श्वास घेणं ही दोन कामं एका वेळी झेपत नाहीत.

नाकातल्या स्रावाची तपासणी दोघींचीही झाली, कारण थोरली आईजवळ वॉर्डातच होती. दोघींमध्ये आरएसव्ही हा श्वसनमार्गाचा विषाणू सापडला. घर एक, आठवडा एक, विषाणू एक आणि जनुकंही तीच. तरी एकीला नुसती सर्दी आणि दुसरीला चार दिवस हाय-फ्लो, म्हणजे नाकातून जोराच्या झोताने दिलेला, ऑक्सिजन. दुसऱ्या रात्री धाकटीचा श्वास दोनदा काही सेकंद थांबला, तेव्हा व्हेंटिलेटर पलंगाशी आणून ठेवला होता. तो लावावा लागला नाही. नवव्या दिवशी ती घरी गेली.

असं का झालं, हे जितकं कळतं तितकं सांगतो. आरएसव्ही लहान श्वासनलिकांच्या अस्तराच्या पेशी मारतो. मेलेल्या पेशी, चिकट कफ आणि सूज मिळून नळीचा पोकळ भाग अरुंद होतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, सोळापट होतो. मोठ्या माणसाच्या नलिकेत एवढीच सूज आली तर त्याला खोकला येतो आणि तो कामाला जातो, 1.7 किलोंची जन्मलेली, दहा आठवड्यांची मुलगी दाखल होते. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात ती मुख्यत्वे शेवटच्या तिमाहीत. त्यामुळे 34व्या आठवड्यात जन्मलेल्यांच्या वाट्याला ती कमीच येतात आणि जी येतात तीही दर महिन्याला घटत जातात. ही उणीव दोघींमध्ये होती. वजनाचा आणि त्याबरोबर नळ्यांच्या आकाराचा फरक मात्र फक्त दोघींच्या मधला होता. उरलेलं कदाचित विषाणूच्या मात्रेवर गेलं असेल: कुणाच्या तोंडाजवळ वडील आधी शिंकले, कुणाच्या नाकातून तो किती खोल उतरला. याला नशीब म्हणायला माझी हरकत नाही.

घरी गेल्यावर धाकटीची फाइल जाड होत गेली. चौदाव्या महिन्यात सर्दीबरोबर छातीत सूं-सूं आणि नेब्युलायझर. दोन वर्षांची होईपर्यंत असं बऱ्याचदा झालं. अडीचाव्या वर्षी पुन्हा दाखल, या वेळी तपासणीत ऱ्हायनोव्हायरस, म्हणजे साध्या सर्दीचा विषाणू. चौथ्या वर्षी स्टेरॉइडचा पंप स्पेसरसकट (पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यासकट) सुरू झाला, आणि बरं वाटलं की घरचे तो बंद करत. जवळजवळ प्रत्येक कागदावर तेच शब्द: ‘दहाव्या आठवड्यातल्या ब्रॉन्किओलायटिसनंतरचा दमा.’ ज्याने पहिल्यांदा लिहिलं त्याने अंदाज म्हणून लिहिलं असावं. पुढच्यांनी तो निदान समजून उतरवून घेतला.

थोरलीची फाइल तीन पानांची. लसी, एकदा जुलाब, आणि ‘वरचेवर खोकला’ या नोंदीपुढे अँटिबायोटिक. 

माझ्या पहिल्या भेटीत आईने जे विचारलं ते अशा प्रत्येक घरातून येतं. “डॉक्टर, त्या वेळच्या आजारानेच हिची फुप्फुसं खराब झाली ना? ह्यांना सर्दी असताना मी मुलींना वेगळ्या खोलीत ठेवायला हवं होतं.” सात वर्षं ती हे मनात घेऊन होती. वडील शेजारी मान खाली घालून बसले होते. उत्तर देण्याआधी मी थोरलीबद्दल चार प्रश्न विचारले, कारण उत्तर तिच्याकडेच असण्याची शक्यता होती. रात्री खोकते का? हो, सर्दी झाली की पंधरा-पंधरा दिवस. धावल्यावर? “ती धावतच नाही हो, आधीपासून जरा आळशी आहे.” छातीत कधी आवाज? “अडीच वर्षांची असताना आला होता एकदा, दोघी एकदमच आजारी होत्या. पण हिला दाखल नाही करावं लागलं.” हे सगळं चालू असताना थोरली खुर्चीवर बसून बोटाच्या पेरांवर काहीतरी मोजत होती आणि अधूनमधून घसा साफ करत होती. खूप दिवस खोकणारी मुलं असा घसा साफ करतात. घरच्यांना तो आवाज ऐकूच येईनासा झालेला असतो.

मी दोघींची स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसं मोजायची तपासणी, सांगितली. आई म्हणाली, “हिची कशाला? हिला तर काही झालेलं नाही.”

सात वर्षांच्या मुलाकडून ही तपासणी नीट करून घ्यायला वेळ लागतो. पूर्ण श्वास आत, ओठ घट्ट, आणि मग संपेपर्यंत फुंकत राहायचं. स्क्रीनवर निरोगी मुलाची रेषा वर जाऊन उतारावर सरळ खाली येते. लहान नलिका अरुंद असतील तर तो उतार मध्येच आत खचतो. थोरलीचा पहिलाच चांगला फुंकर पडला आणि उतार खचलेला दिसला. धाकटीचाही तसाच, पडद्यावर एकावर एक ठेवले तर वेगळे ओळखता येऊ नयेत इतका.

आकडे असे. पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेली हवा धाकटीची अपेक्षित प्रमाणाच्या 79 टक्के, थोरलीची 82. एकूण हवेशी तिचं गुणोत्तर 0.74 आणि 0.75, या वयात ते 0.85च्या वर असायला हवं. नलिका मोकळ्या करणारं साल्ब्युटामॉल दिल्यानंतर धाकटी 89 टक्क्यांवर गेली, थोरली 92वर. श्वासातलं नायट्रिक ऑक्साइड, जे ॲलर्जीच्या दाहाची खूण मानतात, धाकटीचं 36 आणि थोरलीचं 41. मुलांमध्ये 35च्या वरचा आकडा जास्त धरतात. म्हणजे दाहाच्या बाबतीत कधीही दाखल न झालेली बहीण दाखल झालेलीच्या पुढे होती.

ही तुलना पूर्ण स्वच्छ नाही. धाकटीला अधूनमधून का होईना पंप मिळालेला होता, थोरलीला कधीच नाही. पंपाशिवाय धाकटी आणखी खाली असती असं कुणी म्हटलं तर मी नाकारणार नाही. पण ‘एकीची फुप्फुसं विषाणूने बिघडवली, दुसरीची शाबूत आहेत’ ही सात वर्षांची समजूत या आकड्यांपुढे टिकत नव्हती.

आता हे एका घरापुरतं आहे का? नाही. स्वीडनमधल्या बोरोस गावात तान्हेपणी आरएसव्हीने दाखल झालेल्या 47 बाळांचा पुढे अठरा वर्षं पाठपुरावा झाला. अठराव्या वर्षी त्यांच्यात दमा 39 टक्के, तुलनेच्या गटात 9 टक्के. हा फरक एवढा मोठा आहे की विषाणूच गुन्हेगार वाटावा. पण अमेरिकेतल्या टूसॉनच्या अभ्यासात बाळांची फुप्फुसं पहिल्या आजाराच्या आधीच मोजली होती. 1988मध्ये त्याचा निष्कर्ष आला: ज्यांना पुढे सर्दीबरोबर घरघर झाली, त्यांच्या फुप्फुसांची क्षमता विषाणू येण्याआधीच कमी होती. विषाणूने त्यांना निवडलं ते आधीच्या अरुंद नळ्यांमुळे. आणि 2010मध्ये डेन्मार्कमधून आमच्या या प्रकरणाचाच मोठा नमुना म्हणावा असा अभ्यास आला. एकसारख्या जुळ्यांच्या 37 जोड्या, प्रत्येक जोडीतलं एक आरएसव्हीने दाखल झालेलं आणि दुसरं नाही. साडेसात वर्षांच्या आसपास दोघांना तपासलं, तर फुप्फुसांची क्षमता, दमा, नायट्रिक ऑक्साइड यांत दखल घ्यावी असा फरक सापडला नाही.

इथे थांबून ‘विषाणू निर्दोष’ असं लिहून मोकळं होता येत नाही. नेदरलँड्समध्ये 33 ते 35 आठवड्यांत जन्मलेल्या 429 बाळांपैकी निम्म्यांना आरएसव्हीविरुद्धचं तयार प्रतिपिंड, पालिविझुमॅब, दिलं आणि निम्म्यांना नुसतं सलाइनसारखं काही. पहिल्या वर्षात घरघरीचे दिवस 61 टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे लगेचच्या घरघरीत विषाणूचा हात नक्की आहे. तीच मुलं सहा वर्षांची झाल्यावर फुंकून पाहिलं, तेव्हा दोन्ही गटांची फुप्फुसं सारखी निघाली. पहिल्या एक-दोन वर्षांतलं बरंचसं घरघरणं विषाणू ओढवतो. सहा-सात वर्षांनंतरचा दमा मात्र बहुतेकदा आधीच ठरलेल्या कलामधून येतो. आजच्या पुराव्यावर मी इथवर जातो, याच्यापुढे नाही. सगळे विषाणूही एका मापाचे नाहीत. काही प्रकारच्या ॲडिनोव्हायरसने लहान नलिका कायमच्या बुजतात. तिथे साल्ब्युटामॉल देऊनही आकडा हलत नाही, सीटी स्कॅनवर फुप्फुस ठिगळ लावल्यासारखं दिसतं, आणि ती खरीखुरी इजा असते. या दोघींमध्ये आकडा छान हलला, म्हणूनच मी स्कॅन केला नाही.

कल म्हणजे काय ते थोडं उलगडायला हवं, कारण याच भागाबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज दिसतात. तान्ह्याची प्रतिकारशक्ती ‘कमजोर’ असते असं म्हणतात. ती वेगळ्या सुरात लावलेली असते म्हणणं जास्त बरोबर. गर्भात आईच्या शरीराशी भांडण होऊ नये म्हणून बाळाच्या टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) जोरकस, पेशी मारणाऱ्या प्रतिसादाऐवजी दुसऱ्या बाजूला झुकलेल्या असतात. ॲलर्जीत जी रसायनं दिसतात तीच या बाजूची. जन्मानंतर महिन्यामहिन्याने, जंतूंशी ओळख होत होत, हा झुकाव सावरतो. काही मुलांमध्ये तो सावरायला वेळ लागतो, विशेषतः आईला दमा किंवा इसब असेल तर. अशा मुलांच्या श्वासनलिकांचं अस्तर विषाणूला इंटरफेरॉनने (पेशींच्या विषाणूविरोधी रसायनाने) लवकर अडवू शकत नाही, आणि जखमी झालं की तेच अस्तर ॲलर्जीच्या पेशींना हाक मारणारे संदेश सोडतं. मग साध्या ऱ्हायनोव्हायरसच्या सर्दीतही छाती वाजते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये जन्मापासून मुलांचा माग ठेवणाऱ्या एका अभ्यासात ॲलर्जीची आनुवंशिकता असलेली मुलं घेतली होती. त्यांच्यात पहिल्या तीन वर्षांत ऱ्हायनोव्हायरसबरोबर घरघर झालेल्यांना सहाव्या वर्षी दमा असण्याची शक्यता जवळजवळ दहापट निघाली, आरएसव्हीची अडीचपटीच्या आसपास. पुढे 17व्या गुणसूत्रावरच्या एका भागाशी ऱ्हायनोव्हायरसच्या या घरघरीचा संबंधही सापडला. आमच्या दोघी मुली अडीचाव्या वर्षी एकाच आठवड्यात घरघरल्या होत्या. दहाव्या आठवड्यातल्या आरएसव्हीपेक्षा मला हीच नोंद जास्त बोलकी वाटते. धाकटीच्या कागदांत ती ‘ब्रॉन्किओलायटिसचा परिणाम’ म्हणून गेली आणि थोरलीच्या कागदांत ती नाहीच.

आईला मी दोन गोष्टी सांगितल्या. वेगळी खोली करूनही दोन वर्षांच्या आत आरएसव्ही झालाच असता. जवळजवळ प्रत्येक मुलाला होतो. दहा आठवड्यांऐवजी सहा महिन्यांनी झाला असता तर कदाचित दाखल करावं लागलं नसतं, पण आज दोघींना जो दमा आहे तो त्या रात्रीतून आलेला नाही. आणि दुसरी, जी सांगताना मला जड गेली: थोरलीलाही दमा आहे, आणि तिच्यावर इतकी वर्षं उपचार झालेले नाहीत. आई रडली. वडिलांनी थोरलीला मांडीवर ओढून घेतलं, तर ती म्हणाली, “मी काय आजारी आहे का?” तिला मी सांगितलं की तिच्या फुंकण्याच्या नळ्या सर्दीत जरा चिडतात आणि त्यांना शांत करायचा पंप आहे. बहिणीचा पंप असतो हे तिला माहीत होतं. आपल्यालाही मिळणार म्हटल्यावर ती खूशच झाली.

उपचार साधेच. दोघींना कमी मात्रेचा स्टेरॉइडचा पंप, रोज, स्पेसरमधून; घेतल्यावर चूळ. पंप कसा ओढायचा हे मी दोघींकडून दरवेळी करून घेतो. धाकटीच्या ‘आटोक्यात न येणाऱ्या’ दम्याचं अर्धं उत्तर तिथेच सापडलं: स्पेसरचा मास्क ती नाकाच्या अर्ध्यावर धरत होती आणि औषध हवेत जात होतं. दरवर्षी इन्फ्लुएंझाची लस. सहा महिन्यांनी थोरलीचा रात्रीचा खोकला थांबला होता आणि ‘आळशी’ मुलगी पकडापकडीत पुढे असते असं वडील सांगत होते. तिचा आकडा 93 टक्के, धाकटीचा 88. हा पाच टक्क्यांचा फरक आजाराचा ओरखडा आहे, जन्मवजनाचा आहे की नुसता त्या दिवशीच्या फुंकण्यातला? मुलांमध्ये एका तपासणीपासून दुसरीत एवढा फरक सहज पडतो. त्यावर मी काहीच बांधत नाही, फक्त मोजत राहतो.

मोजत राहण्याला कारण आहे. फुप्फुसांची क्षमता विशीत, पंचविशीपर्यंत वाढते आणि तिथून हळूहळू उतरते. लहानपणी जे मूल खालच्या रेषेवर असतं ते बहुधा त्याच रेषेने वर जातं आणि खालच्याच शिखरावर थांबतं. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशरमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या पुरुषांच्या तान्हेपणच्या नोंदी जपून ठेवल्या होत्या. 1991मध्ये डेव्हिड बार्कर आणि सहकाऱ्यांनी त्यावरून दाखवलं की पहिल्या वर्षात ब्रॉन्कायटिस किंवा न्यूमोनिया झालेल्यांची पहिल्या सेकंदाची हवा साठीच्या आसपास सरासरी 170 मिलीने कमी होती. ब्रिटनमध्ये 1946 साली जन्मलेल्यांच्या गटावरचा अभ्यास 2023मध्ये आला: दोन वर्षांच्या आत छातीचा संसर्ग झालेल्यांना पुढे श्वसनाच्या आजाराने अकाली मरण येण्याचा धोका 93 टक्क्यांनी जास्त. संसर्गाने फुप्फुसं बिघडली की मुळात कमी असलेल्या फुप्फुसांना संसर्ग झाला, हा प्रश्न इथेही तसाच राहतो. पण मुलाच्या पाठपुराव्यासाठी त्याचं उत्तर लागत नाही. कारण कुठलंही असो, रेषा खाली आहे हे कळलं तर दमा आटोक्यात ठेवता येतो, धूर टाळता येतो, आणि सोळाव्या वर्षी सिगारेट हातात घेऊ पाहणाऱ्या मुलीला तिचाच आलेख दाखवता येतो.

म्हणून तान्हेपणी ऑक्सिजन लागलेल्या किंवा वेळेआधी जन्मलेल्या प्रत्येक मुलाची पाच-सहा वर्षांचं झाल्यावर एकदा तरी स्पायरोमेट्री व्हावी, असं मी सगळ्या सहकाऱ्यांना सांगत असतो. या दोघींनंतर त्यात मी भावंडांची भर घातली आहे. जुळं असेल तर विचारायचंही नाही, सरळ दोघांना फुंकायला लावायचं.

मागच्या भेटीत आईने आणखी एक गोष्ट विचारली. तिच्या बहिणीला सातवा महिना आहे, तिने आरएसव्हीची लस घ्यावी का? मी हो म्हणालो. गरोदरपणात दिली जाणारी ही लस 2023पासून आहे. तिच्या मोठ्या चाचणीत जन्मानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत गंभीर आजार सुमारे 82 टक्क्यांनी कमी झाला, सहा महिन्यांपर्यंत 69 टक्क्यांनी. आईने घेतली नाही तर बाळाला थेट निरसेव्हिमॅब हे प्रतिपिंड देता येतं, एकच इंजेक्शन, काही महिने टिकणारं. जागतिक आरोग्य संघटनेने 2025मध्ये या दोन्ही मार्गांची शिफारस केली आहे. दरवर्षी पाच वर्षांच्या आतली एक लाखांहून जास्त मुलं या विषाणूने दगावतात आणि त्यातली जवळजवळ निम्मी सहा महिन्यांच्या आतली असतात. मात्र ‘लस घेतली की दमा होणार नाही’ असं बहिणीला सांगू नका, हेही मी बजावलं. पुढे दम्याचं काय होईल हे बाळ पाच-सहा वर्षांचं झालं की मोजून पाहू; त्यासाठी तेव्हा आणा.